बाराव्या जागेवर दोघी

नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळलं की मुलींचं एक वसतिगृह लागतं. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशी वसतिगृहं जिल्ह्यात बरीच आहेत आणि त्यांच्या अडचणी सारख्याच आहेत. सगळा कारभार देणगीवर. सुरगाणा, पेठ, कळवण, इगतपुरीकडच्या मुली दहावी झाल्या की अकरावीला नाशिकला येतात. कॉलेज मिळतं, राहायला जागा मिळत नाही. दर जूनमध्ये बारावी झालेल्या मुली बाहेर पडतात आणि जेवढ्या खाटा रिकाम्या होतात तेवढ्याच नव्या मुली घेतल्या जातात. त्या वर्षी बारा खाटा रिकाम्या झाल्या. अर्ज आले दोनशेच्या वर.

यादी करायचं काम भाऊसाहेबांचं. ऑफिसात ते एकटेच. जमाखर्च, पावत्या, गॅस सिलिंडर, मुलींचे एसटीचे पास, सगळं त्यांच्याकडे. तीस वर्षं ते अर्जांचा गठ्ठा घरी न्यायचे, रात्री बसून गुणांप्रमाणे लावायचे आणि सकाळी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात यादी आणायचे. दोघींचे गुण सारखे आले तर काय करता, हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही. ते आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावत. अहिरे वर, वाघ खाली. तीस वर्षांत किती वाघ केवळ अक्षरापायी घरी बसल्या, याची नोंद कुठेच नाही. आणि हाताने केलेल्या यादीबद्दल कधी तक्रार आली नव्हती, याचा अर्थ ती यादी न्यायाची होती असाही नाही.

त्या वर्षी विश्वस्तांनी यादी संगणकावर करायचं ठरवलं. याच वसतिगृहात राहून शिकलेली एक मुलगी आता सॉफ्टवेअर कंपनीत होती. मुली तिला ताई म्हणत, हळूहळू विश्वस्तही म्हणू लागले. तिने दोन रविवार मोडून पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये एक तक्ता तयार केला, भाऊसाहेबांना अर्ज भरायला शिकवलं आणि एक क्वेरी लिहून दिली. क्वेरी म्हणजे डेटाबेसला लेखी विचारलेला प्रश्न. हिचा प्रश्न साधा होता: गुण उतरत्या क्रमाने लाव, प्रत्येक ओळीला एक नंबर दे, बारापर्यंतच्या ओळी दाखव. नंबर देण्यासाठी तिने जे फंक्शन वापरलं त्याचं नाव रो-नंबर. बटण दाबलं की यादी. भाऊसाहेबांना पहिल्यांदा जूनमध्ये रात्रीची झोप मिळाली.

सोमवारी संध्याकाळी यादी फलकावर लागली. बाराव्या नंबरवर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी होती. तिच्या वडिलांनी शिक्क्याची एक प्रत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली, आणि निघताना म्हणाले, "साहेब, अर्जात माझ्या फोनचा शेवटचा आकडा चुकलाय. सहा नाही, नऊ पाहिजे. रेंज नसते म्हणा आमच्याकडे, पण असावा बरोबर." भाऊसाहेबांनी त्यांच्यासमोरच तो दुरुस्त केला.

मंगळवारी फाइलसाठी आणि विश्वस्तांसाठी प्रती काढायच्या होत्या. भाऊसाहेबांनी बटण दाबलं, कागद निघाले, त्यांनी शिक्के मारले, सह्या केल्या. वाचलं नाही, कालचीच यादी, वाचायचं काय? त्या कागदांवर बाराव्या नंबरला सुरगाण्याची मुलगी होती. एका विश्वस्ताने कौतुकाने तिच्या शाळेतल्या गुरुजींना फोन केला, गुरुजी निरोप घेऊन घरी गेले, आणि बुधवारी दुपारी दोन बाप ऑफिसच्या दारात उभे राहिले. दोघांच्या हातात यादी, दोन्हींवर एकच शिक्का, दोन्हींखाली एकच सही.

दोन्ही मुलींना ८७.४० टक्के होते.

अशा वेळी लोक कारण शोधत बसत नाहीत, माणूस शोधतात. यादी एका रात्रीत बदलली, म्हणजे रात्रीतून कोणीतरी कोणाला तरी भेटलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट रकमेपर्यंत पोचली होती. अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हे, पण त्यांनीही भाऊसाहेबांना विचारलंच, "सोमवारी रात्री तुमच्याकडे कोण आलं होतं?"

भाऊसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "यादीला मी हात लावला नाही. फक्त एक फोन नंबर दुरुस्त केला."

ते शब्दशः खरं होतं आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. फोन नंबराचा आणि गुणवत्तेचा काय संबंध?

रविवारी बैठक झाली. दोन्ही मुलींच्या वडिलांनाही बोलवा, असा आग्रह अण्णांनी धरला. अण्णा खजिनदार. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पत्रिका छापणारा छापखाना कोणाच्या मनात येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची, तिथेच पुढे १९२८ ला करन्सी नोट प्रेस सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावात घराघरांतून कोणी ना कोणी सायरनवर जेवणारं असतं. अण्णांची सगळी नोकरी नोटांवर नंबर टाकण्याच्या खात्यात गेली होती. भाऊसाहेब बैठकीला आले नाहीत. त्यांनी एका ओळीचा राजीनामा पाठवला होता.

ताईने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. काही बोलायच्या आधी तिने सुरगाण्याच्या मुलीची नोंद उघडली, तिच्या वडिलांचा फोन नंबर होता तसाच पुन्हा टाइप केला आणि सेव्ह केला. एकही आकडा बदलला नव्हता. मग क्वेरी चालवली. बाराव्या नंबरवर पेठची मुलगी आली.

"पुन्हा कर," अध्यक्ष म्हणाले.

तिने आता पेठच्या मुलीची नोंद तशीच उघडून सेव्ह केली. बाराव्या नंबरवर सुरगाणा.

"दर वेळी असंच होईल असंही नाही," ताई म्हणाली. "कधी होईल, कधी होणार नाही. चूक म्हणावी तर चूक नाही, म्हणून जास्त वाईट आहे. भाऊसाहेब खरं बोलत होते."

मग तिने सांगितलं ते असं. आजचे बहुतेक डेटाबेस ज्या कल्पनेवर उभे आहेत ती एडगर कॉड नावाच्या माणसाने १९७० साली मांडली. त्यात तक्ता म्हणजे ओळींचा संच. कोणतीही ओळ मुळात पहिली नाही की शेवटची नाही. क्रम हवा असेल तर तो मागावा लागतो, आणि मागाल तेवढाच मिळतो. आपण फक्त गुणांचा क्रम मागितला. गुण सारखे असतील तर काय, हे सांगितलं नाही. तरीही रो-नंबरला प्रत्येकीला वेगळा नंबर देणं भाग आहे, कारण त्याचं कामच ते. मग ओळी त्याच्या हाती जशा येतील तसे तो नंबर वाटतो. पोस्टग्रेस एखादी नोंद दुरुस्त करताना जुनी ओळ खोडत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी बाद ठरवतो. नवी प्रत बहुधा दुसऱ्या जागी पडते. वडिलांनी प्रामाणिकपणे फोन नंबर बरोबर करून घेतला, त्यांच्या मुलीची ओळ मागे गेली, आणि तिची खाट गेली.

पेठचे वडील बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "म्हणजे मी सांगायलाच नको होतं," ते म्हणाले. त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

आता पुढे काय, यावर तासभर गेला. प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येक उपायात कोणीतरी मरत होतं. अध्यक्ष म्हणाले, पूर्वीसारखं आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावा. एकजण म्हणाले, वयाने मोठी ती आधी. सरकारी भरतीत तसंच करतात. दुसरे म्हणाले, ज्याचा अर्ज आधी आला त्याला आधी घ्या. सुरगाण्याचे वडील शांतपणे म्हणाले, "निफाडचा माणूस सकाळी अर्ज देऊन दुपारी घरी जेवायला जातो, साहेब. आम्हाला एसटीचा दिवस मोडावा लागतो." ताईने तांत्रिक उपाय सुचवला: गुणांनंतर अर्ज क्रमांकाचा क्रम जोडू, मग यादी हजार वेळा काढली तरी बदलणार नाही.

"बदलणार नाही हे खरं," अण्णा म्हणाले, "पण पोरी, एकच चूक हजार वेळा तशीच छापली म्हणून ती बरोबर होते का?"

आणि मग अण्णा प्रेसबद्दल बोलले. एरवी ते बोलत नसत. तिथल्या माणसांना न बोलायची सवय लागलेली असते. म्हणाले, नोटेवर नंबर का टाकतात? एक नोट दुसऱ्या नोटेपासून वेगळी ओळखता यावी म्हणून. शंभराच्या दोन नोटांचे नंबर वेगळे असतात, पण ज्या नोटेचा नंबर आधीचा तिला बाजारात जास्त भाजी येत नाही. छपाईत एखादी खराब निघाली तर पूर्वी त्याच नंबरची दुसरी छापायचे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने तारांकित नोटा आणल्या: खराब नोटेच्या जागी नंबरात तारा असलेली नोट. बंडलातला क्रम तुटतो, किंमत तुटत नाही. "आपण ओळखीचा नंबर घेतला आणि तो लायकीचा म्हणून वाचला. यादीत बारा आणि तेरा दिसलं की आपल्याला वाटलं, बारा वरचढ."

"मग लायकीचा नंबर देणारं काही आहे का तुमच्या त्या पोस्टग्रेसमध्ये?" अध्यक्षांनी विचारलं.

होतं. ताईने पडद्यावर एकाशेजारी एक तीन रकाने काढले. पाचव्या जागेवरही दोघींचे गुण सारखे होते. त्या दोघी आत होत्या म्हणून तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पहिला रकाना रो-नंबरचा: पाच, सहा, सात, आणि शेवटी बारा, तेरा. दुसरा रँकचा: पाच, पाच, आणि पुढची एकदम सात, शेवटी दोघीही बारा. तिसरा डेन्स-रँकचा: पाच, पाच, सहा, म्हणजे मधला नंबर गळत नाही, या दोघी अकरा आणि त्यांच्या खालची बारा. रँक कसं मोजतं ते सांगताना तिने टोकियो ऑलिंपिकमधली उंच उडी सांगितली. १ ऑगस्ट २०२१ ला कतारचा बार्शीम आणि इटलीचा ताम्बेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले, दोघांना सुवर्ण मिळालं, रौप्य कोणालाच नाही, आणि पुढच्याला थेट कांस्य. एक, एक, तीन. ही तिन्ही फंक्शनं एसक्यूएल या क्वेरी लिहायच्या भाषेच्या २००३ च्या मानकात आहेत, मायएसक्यूएलसारख्या सर्वांच्या वापरातल्या डेटाबेसमध्ये मात्र ती यायला २०१८ उजाडलं.

"बारापर्यंत घ्या म्हटलं," ताई म्हणाली, "तर पहिल्याने बारा मुली येतात, दुसऱ्याने तेरा, तिसऱ्याने चौदा. गुण तेच, मुली त्याच."

एक विश्वस्त पुढे सरकले. "मला हे तिसरं पटतं. शास्त्रशुद्ध आहे. नंबरात भोक पडत नाही."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, चौदावी मुलगी कुठली गं?"

ताईने गावाचं नाव वाचलं. ते त्या विश्वस्तांचंच गाव होतं. बैठकीत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि डेन्स-रँकचा विषय तिथेच संपला. खरं तर डेन्स-रँकमध्ये वाईट काही नाही. 'गुणांच्या पहिल्या बारा पायऱ्यांवरच्या सगळ्या मुली' असा प्रश्न असता तर तेच बरोबर उत्तर होतं. पण प्रश्न तो नव्हता.

विश्वस्तांत पंचवटीच्या एक बाई होत्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. म्हणाल्या, हे भांडण नाशिकला नवं नाही. १७८९ च्या सिंहस्थात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कोणाचं यावरून कापाकापी झाली. त्यात बारा हजार साधू मेल्याची नोंद पेशवाईतल्या एका ताम्रपटात आहे असं सांगतात. आकडा बाजूला ठेवा, रक्त सांडलं हे नक्की. पेशव्यांनी कोण मोठा हे ठरवलंच नाही. शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करायचं, असं वाटून दिलं. आजही तीन वैष्णव आखाडे रामकुंडावर येतात आणि बाकीचे दहा कुशावर्तावर. दोन्हीकडे आपापला पहिला. "आपणही तालुक्याप्रमाणे वाटू. प्रत्येक तालुक्यातल्या पहिल्या दोघी."

"याला आम्ही पार्टिशन बाय म्हणतो," ताई म्हणाली. तिने क्वेरीत ते दोन शब्द घातले आणि प्रत्येक तालुक्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. पेठ आणि सुरगाणा दोघी आल्या. पण कळवणची ९० टक्क्यांची मुलगी बाहेर गेली, कारण तिच्या पुढे तिच्याच तालुक्यातल्या दोघी होत्या.

बाईंनी ते पाहिलं आणि स्वतःच म्हणाल्या, "नाही जमायचं. त्यांच्याकडे घाट दोन होते, आपल्याकडे इमारत एक आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि वाटलं तरी भांडण सुटत नाही, एक पायरी खाली जातं. रामकुंडावर तीन आखाड्यांत आधी कोण, हे ठरवावं लागतंच. फक्त ते मिरवणूक निघायच्या आधी ठरतं, घाटावर पोचल्यावर नाही."

या वाक्यावर बैठक वळली, असं मला वाटतं. इतका वेळ सगळे नियम शोधत होते, पण नावं समोर ठेवून. कोणता नियम लावला की कोण आत येतं हे प्रत्येकाला दिसत होतं, आणि चौदाव्या मुलीच्या गावाने ते उघडं पाडलं होतं. ताईने ते स्पष्ट बोलून दाखवलं: "आज आपण जो निवडू तो नियम नाही, निवड आहे. नियम मे महिन्यात होतो, अर्ज यायच्या आधी. यंदा आपल्याला तो हक्क उरलेला नाही. यंदा फक्त एवढंच करता येईल की दोघींना शिक्क्याचा कागद दिलाय, तर दोघींना घ्यायचं."

"खाट?" अध्यक्षांनी विचारलं.

आजारी मुलींच्या खोलीत दोन खाटा होत्या. त्यातली एक वर न्यायची आणि तिथे नवी घ्यायची, असं ठरलं. नव्या खाटेचे पैसे किती, हे अण्णांनी तिथल्या तिथे फोन करून विचारलं आणि वहीत लिहिलं. सुरगाण्याचे वडील उठले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या तरी आमची हरकत नाही साहेब. फक्त आमच्यासमोर टाका."

ते वाक्य नियमात आलं. पुढच्या वर्षीच्या अर्जावर, गुणांच्या रकान्याच्या वर, ठळक अक्षरात छापलं गेलं: यादी गुणांप्रमाणे लागेल. समान गुणांना समान क्रमांक दिला जाईल. शेवटच्या जागेवर समान गुण आल्यास जास्तीत जास्त दोन मुली वाढवून घेऊ. त्याहून अधिक असतील तर त्यांच्यात पालकांसमोर चिठ्ठ्या टाकू. खाली पाचही विश्वस्तांच्या सह्या आणि तारीख, मे महिन्यातली. ताईने क्वेरीत रो-नंबर काढून रँक घातलं. तेवढ्या बदलाला दोन मिनिटंही लागली नाहीत. आडनावाच्या अक्षराचा नियम कुठेच ठेवला नाही. अध्यक्षांनी तो एकदा पुन्हा सुचवून पाहिला होता, कारण त्यांचं आडनाव अ वरून होतं.

भाऊसाहेबांकडे अध्यक्ष आणि अण्णा दोघेही गेले. अध्यक्षांनी सगळं सांगितलं, ओळ मागे कशी गेली इथपर्यंत, आणि माफी मागितली. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं, चहा दिला, खाटेचं काय केलं ते विचारलं. मग म्हणाले, "तीस वर्षं मी अक्षरावर लावत होतो. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. यंदा विचारलं, तेव्हा मी खरं उत्तर दिलं." राजीनामा त्यांनी मागे घेतला नाही.

दोघी मुली यंदा बारावीला आहेत, एकाच खोलीत. ऑफिसला नवा माणूस अजून मिळालेला नाही. यादीवर सध्या अण्णा सही करतात, आणि सही करायच्या आधी ती वाचतात.